चुलबंद्यांचं मूळ

स्वतःच्या आडनावाच्या मागे इतकं हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, अशी माझी पक्की खात्री आहे. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचं आडनाव चुलबंदे. ते ऐकलं की समोरचा आधी "काय?" असं विचारतो आणि मग हसतो. सरकारी कचेरीत काकांनी चौतीस वर्षं टपालाची आवक-जावक सांभाळली, आणि तेवढी वर्षं रोज दुपारी कुणी ना कुणी "चुलबंदे, आज घरी चूल पेटली का?" असं विचारत राहिलं. त्यातून काकू गेल्यापासून काका गॅसपाशी जात ते फक्त चहापुरते. दोन्ही वेळचं जेवण डब्यातून येई. त्यामुळे ही थट्टा त्यांना अलीकडे जरा जास्तच झोंबायची.

नवीन माणूस भेटला की काका नाव विचारत नसत, आडनाव विचारत. मग गाव, मग कुळ, मग देवक. समोरच्याची बस निघून जाई, पण काकांची वही मिटत नसे. इमारतीतल्या सगळ्यांच्या जुन्या लग्नपत्रिका ते मागून नेत आणि खालची बारीक अक्षरातली नावं भिंग लावून वाचत. अशाच एका पत्रिकेत कुणी चुलभरे सापडले, तर काका न बोलावता राहात्याला लग्नात हजर. मुलाकडच्यांना वाटलं हे मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. दोघांनी मिळून त्यांना फेटा बांधला आणि पहिल्या रांगेत बसवलं. "माणसं निघाली पार वेगळ्या कुळातली," परत आल्यावर काका म्हणाले, "पण फेटा चांगला बांधतात हो तिकडं." भंडाऱ्याकडे चुलबंद नावाची नदी आहे असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा एसटीनं दोन दिवसांचा प्रवास करून ते तिथेही जाऊन आले. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना त्यांनी विचारलं, की तुमच्यातलं कुणी पूर्वी पाथर्डीकडे गेलं होतं का. त्या बायकांनी काय उत्तर दिलं ते काका सांगत नाहीत.

मी हे सगळं मित्रांना रंगवून सांगायचो. खरं म्हणजे काका जिन्यात दिसले की मी मोबाईल कानाला लावून वर सटकायचो, कारण एकदा सापडलं की अर्धा तास गेलाच. त्यांचं दार डबेवाल्याशिवाय कुणी वाजवत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी सटकायचो.

गेल्या थंडीत पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. नात पहिलीत गेली होती आणि वर्गातली पोरं तिला आडनावावरून चिडवत होती. मुलगा राजपत्रात देऊन आडनाव बदलून घेणार होता. काकांनी त्याच्याकडे एक महिना मागून घेतला. त्या संध्याकाळी जिन्यात मी सापडलोच. काका वही न उघडता म्हणाले, "गावानं आमच्या घराण्याला वाळीत टाकलं असेल का हो? म्हणून चूल बंद?" इतकी वर्षं हा माणूस कशाला भीत होता ते मला तेव्हा कळलं.

बायकोनं भरीस घातलं म्हणून मीच त्यांना मोटारसायकलवर बसवून पाथर्डीजवळच्या त्यांच्या मूळ गावी नेलं. गाव रिकामं होतं. धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. एका ओट्यावर नव्वदीची एक म्हातारी बाजरी निवडत बसली होती. काकांनी आडनाव सांगितलं. ती हसली नाही.

"वाळीत कशापायी टाकत्याल?" ती म्हणाली. "गावजेवन असलं की समद्या गावाला चूलबंद आवतन असायचं. त्या दिशी कुनी घरी चूल पेटवायची न्हाई. तुमचा आजा देवळाच्या पायरीवर हुबा ऱ्हायचा, कुनाच्या घरातनं धूर निघतोय का बघत. निघाला की त्या घरी जायाचा. रुसलेलं असंल, आवतन चुकलं असंल, त्याला हाताला धरून पंगतीला आनायचा. मंग सोता जेवायचा. म्या ल्हानपनी बघितलंय."

काकांनी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. वहीत मात्र काहीच लिहिलं नाही. परतताना तिसगावला चहाला थांबलो, तिथून त्यांनी मुलाला स्पीकरवर फोन लावून सगळं सांगितलं. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे बाबा," तो म्हणाला, "पण राजपत्रात मागच्याच आठवड्यात छापून आलंय." महिना अजून संपला नव्हता. काका म्हणाले, बरं केलंस, पोरीला त्रास नको. मग त्यांनी मला चहात साखर बरोबर आहे का ते विचारलं.

पुढच्या रविवारी काकांनी इमारतीतल्या आठही घरी जाऊन दुपारचं चूलबंद आवतण दिलं. सगळे हसून हो म्हणाले. आम्ही नवराबायको खाली गेलो, तर हॉलमध्ये सतरंज्या घालून वीस ताटं मांडलेली. आमटी आणि लापशी काकांनी स्वतः केली होती. लापशी खाली लागल्याचा वास येत होता. सव्वा वाजला तरी आम्ही दोघंच. नऊ वर्षं मी या माणसाच्या डोक्यावर राहतोय आणि एकदाही "काका, वर जेवायला या" म्हटलं नाही, याची मला तिथे बसून लाज वाटली.

काका आम्हाला वाढायला वाकले, एवढ्यात वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आणखी एक. काका पळी हातात धरून ऐकत राहिले.

"दुसरा मजला," ते म्हणाले. पळी पातेल्यात ठेवून त्यांनी चपला घातल्या. जिना चढताना त्यांना दर पाच पायऱ्यांवर थांबावं लागत होतं, ते खाली कळत होतं. वर बेल वाजली. दार लगेच उघडलं नाही. काकांनी पुन्हा वाजवली. बायकोनं ताटाजवळचा हात मागे घेतला, मीही घेतला, आणि आम्ही वाट बघत बसलो.