थावरूनं विचारलं तेव्हा

हे सगळं, असं पहिल्यापासून शेवटापर्यंत, मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. सोमवारी दुपारी फोनवर त्यातला एक तुकडा तोंडातून निसटला — आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा घेतो, तो हातातच गार होतो. जेवताना उठून अंगणात जातो. भीती म्हणावी तर भीती नाही, आनंद म्हणावा तर तसं म्हणायला मला तोंड नाही. छाती मात्र धडधडतीये, पोरवयात जत्रेला निघताना धडधडायची तशी. सांगूनच टाकतो.

मी गोरेगावचा बबन. उभा जन्म जीप चालवली — गोरेगाव, सेनगाव, हिंगोली. आता गाडी पोरगं चालवतं आणि मी स्टँडवरच्या हॉटेलात बसून फुकटचे सल्ले देतो. आवाज मोठा, बोलायची हौस त्याहून मोठी. ही हौसच या गोष्टीचं मूळ आहे. पण थांबा, पुढंपुढं पळतोय मी.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नांदेडला रोज जाऊन-येऊन रेडिएशनचा शेक घेतला. आमच्याकडं त्याला ‘लाईट’ म्हणतात. शेवटची लाईट झाली, तपासणी साफ आली, डॉक्टर म्हणाले, आता बरे आहात. बरा! कॅन्सर होऊन बरा! स्टँडवर उतरलो तर लोकांनी हार घातला हो. कुणाच्या घरी कुणाला गाठ निघाली की माणसं आधी माझ्याकडं यायची. मी मांडी ठोकून सांगायचो, “काही होत न्हाई! मी लाईट घेऊन त्याच दिवशी गाडी चालवली.” ती गाडी मी मुंगीच्या पावलानं चालवली होती आणि वाटेत तीनदा थांबलो होतो, हे कशाला सांगायचं?

थावरू राठोड माझा दोस्त. गोरेगावाजवळच्या तांड्यावरचा. शाळा आम्ही एकत्र सोडली, विडी एकत्र धरली. वर्षभरानं त्यालाही तेच निघालं. तो लाईट घ्यायला तयार नव्हता. मी तांड्यावर गेलो, त्याला ओढून गाडीत बसवलं, म्हणालो, “माझ्याकडं बघ! हाय का काही?” त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तो आला. लाईट पूर्ण झाली. तोही बरा झाला. एवढं मी केलं, हे खरं आहे. पण त्यानं पुढचं झाकलं जात नाही.

त्याची लाईट संपल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी मी मोरीत लघवीला उभा राहिलो, आणि खाली लालभडक. वेदना नाही, आग नाही — नुसतं लाल. भिंत धरून उभा राहिलो. मग पाणी ओतलं. आणखी ओतलं. जन्मात कधी मोरी न धुतलेला माणूस रोज दोन-दोन बादल्या ओतायला लागला. बायकोला वाटलं, म्हातारपणी सुधारला. पांढरा पायजमा सोडून दिला, काळी पँट धरली. पाणी कमी प्यायचो, म्हणजे जायलाच नको. ते तर उलट वाईट असतं, पण तेव्हा मला कुठं माहीत होतं?

शेवटी टायर आणायला जातो असं सांगून एकटा नांदेडला गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण घालून आत बघितलं. मी डोळे मिटून देव आठवत होतो. ते म्हणाले, “कॅन्सर परत आलेला नाही. लाईटमुळं मूत्राशयाचं आतलं अस्तर नाजूक होतं, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी त्यातून रक्त येतं. तपासून घेतलंत ते बरं केलंत. पाणी भरपूर प्या. गुठळ्या पडल्या, लघवी अडली तर तसेच निघून या.”

परत आलेला नाही! मी बसस्टँडवर उभ्यानं पाव किलो जिलबी खाल्ली. शेजारच्या अनोळखी माणसाला दिली. अख्ख्या एसटीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. आणि गोरेगावला उतरलो तेव्हा कुणाला काय सांगितलं? काही नाही. टायरचा भाव जमला नाही, एवढंच. कारण मी बरा झालेला बबन होतो ना. बऱ्या झालेल्या बबनला रक्त जातं, हे स्टँडवर कसं सांगायचं? हार घातलेला माणूस मी.

आता तो दिवस येतो. बघा, त्याच्याभोवतीच फिरतोय मी.

दिवाळी होऊन गेली होती. थावरू हॉटेलात आला, माझ्या शेजारी बसला. चहा सांगितला, प्यायला नाही. बाकी माणसं उठून जाईपर्यंत थांबला. मग खाली बघत म्हणाला, “बबन्या, तुला लाईट घेतल्यावर... लघवीतून रक्त गेलं का रे कधी?”

त्याच सकाळी मला गेलं होतं! मी काळी पँट घालून बसलो होतो! आणि माझ्या तोंडातून काय निघालं — “मला? एक थेंब न्हाई. काहून?”

“न्हाई, असंच इच्यारलं.”

असंच कोण विचारतं? कुणीच नाही. मला त्या क्षणीच कळलं होतं. मला नीट, स्वच्छ कळलं होतं की याला रक्त जातंय. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, “चांगलंय,” म्हणाला आणि निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही. हॉटेलवाला गल्ल्यावर होता, ऐकेल असं वाटलं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी उद्या सांगू म्हटलं.

आठ दिवसांत तांड्यावरून बातमी आली : थावरूनं कविताचं लग्न ठरवलं. कविता त्याची एकुलती एक पोरगी. नांदेडला नर्सिंग शिकत होती — तांड्यावरची पहिली! सुट्टीला आली की आल्या-आल्या साऱ्या म्हाताऱ्या तिच्यापुढं हात करून बसायच्या, नाडी बघ म्हणून. शेवटचं वर्ष राहिलं होतं. तिला शाळेपासून नांदेडच्या कॉलेजापर्यंत माझ्याच जीपनं नेलं होतं. आणि अचानक लग्न? पुसदकडचं स्थळ, माणसं बरी, पण शिक्षण पुरं करू देणार नव्हती. लोक म्हणाले, थावरूला काय झालं? थावरू म्हणायचा, “माणसाचा काय भरोसा? डोळ्यापुढं कार्य झालेलं बरं.”

त्याला काय झालं होतं ते गावात एकट्या मला माहीत होतं. माझा दोस्त मरायच्या तयारीला लागला होता. मला काही झालं नाही आणि त्याला रक्त जातं, म्हणजे त्याचं परत उठलं — दुसरा काय अर्थ लावणार तो?

आणि कविता माझ्याकडं आली. एकटी, भर दुपारी. उंबऱ्यातच उभी राहिली.

“काका, बाबाला सांगा ना तुमी. एकच वरीस ऱ्हायलंय. ते तुमचं ऐकतेत. लाईट घ्यायलाबी तुमच्यामुळंच गेले.”

एक वाक्य पुरलं असतं. मला दोन वाक्यंही लागली नसती. “मलाबी जातं रक्त, घाबरू नको, चल दाखवून येऊ” — एवढं म्हणालो असतो तर थावरू त्याच गाडीत बसला असता. मी काय म्हणालो? मी मोठ्या माणसाचा आवाज काढला. म्हणालो, “पोरी, बापाचं मन मोडू नये.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग “व्हय” म्हणाली आणि गेली.

लग्नात मी नाचलो. नगारा असा वाजत होता की पाय राहिनात. लोक म्हणाले, बबनभाऊंसारखा गडी नाही! खरं सांगतो, मला मजा आली. तिच्याकडं मात्र बघितलं नाही.

लग्नाला महिनाही झाला नसेल, थावरूच्या बायकोचा सकाळी फोन. “भाऊ, यांची लघवी रातभर बंद हाय, पोट दगडावानी झालंय, लवकर या!” पोरगं गाडी भरून सेनगावला निघालं होतं. मी मधे उभा राहिलो, सगळे पॅसेंजर उतरवले, किल्ली हिसकली. अशी गाडी मी तरुणपणीही हाणली नाही! तांड्याचा कच्चा रस्ता, मग डांबर, हॉर्नवरचा हात मी काढलाच नाही. हिंगोलीपर्यंत थावरू मागं बायकोच्या मांडीवर ओरडत होता. मधेच म्हणाला, “बबन्या, कुठं पळवतो? माझं परत उठलंय. मला कवापासून रक्त चाललंय. तुला काहीच झालं न्हाई, तवाच समजलो मी.”

पुढं रस्ता होता, मागं तो होता. मी ॲक्सिलेटर दाबला. ते सोपं होतं.

दवाखान्यात नळी घातली. पिशवीतून पाणी सोडून आतल्या गुठळ्या धुऊन काढायला लागले. काळ्या-लाल गुठळ्या, मग लाल, मग गुलाबी... आणि नळीतून स्वच्छ पाणी यायला लागलं तसा मी वॉर्डात टाळ्या वाजवल्या हो! सिस्टर रागावली. थावरूचं पोट उतरलं, त्याच्या तोंडावर रंग आला. पुढं नांदेडला दुर्बिणीनं बघितलं. तिथं मीच सोबत होतो. डॉक्टर त्याला तेच म्हणाले जे मला म्हणाले होते. परत आलेला नाही. लाईटमुळं होतं. आधी यायला हवं होतं.

“म्हंजे मी मरून न्हाई ऱ्हायलो?” थावरू ओरडलाच. हसला, रडला, डॉक्टरांचे पाय धरायला वाकला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “याला काहीच झालं न्हाई बरं का साहेब. वाघ हाय आमचा!” हे डॉक्टर वेगळे होते, मला ओळखत नव्हते. मी हसलो. वाघासारखा हसलो.

बाहेर बाकावर बसलो. थावरू केळं सोलत होता. सोलता-सोलता त्याचा हात थांबला.

“मंग मी पोरीचं काहून उरकलं रे, बबन्या?”

मी म्हणालो, “नशीब.”

त्याला वर्षं झाली. थावरू धडधाकट आहे. मला आणि त्याला, दोघांनाही अधूनमधून रक्त जातं. तो मला सांगतो, मी त्याला सांगत नाही. आपल्याला बबननं वाचवलं, असं तो अजून स्टँडवर चारचौघांत सांगतो. मी ते ऐकत बसतो. कविताला एक मुलगा आहे. नर्सिंग राहिलं ते राहिलंच.

आणि सोमवारी तिचा फोन आला. “काका, माझ्या सासऱ्यालाबी तेच निघालंय. लाईट सांगितलीय, ते भिऊन ऱ्हायलेत. तुमाला काहीच तकलीफ झाली न्हाई ना? त्यांना तसंच सांगते.”

मी तोंड उघडलं, आणि नेहमीचं वाक्य आलंच नाही. “झाली,” म्हणालो. “मलाबी रक्त गेलं. अजून जातं.”

“कधीपासून?”

“तुझ्या लग्नाच्या आधीपासून.”

पलीकडं तिचं पोरगं काहीतरी बडवत होतं. ते थांबलं. मग म्हणाली, “बाबाला माहीत हाय?”

“न्हाई. त्यानं इच्यारलं होतं. मी न्हाई म्हणालो.”

“मी आले होते तुमच्या घरी.”

“व्हय.”

ती आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, “सासऱ्याला काय सांगायचं ते नीट सांगा.” मी सांगितलं. पाणी किती प्यायचं, लाल दिसलं की लपवायचं नाही, दाखवायलाच जायचं, लघवी अडली तर क्षणभर थांबायचं नाही. तिनं एकेक विचारून घेतलं. अगदी शांत आवाजात, पेशंटच्या नातेवाइकाला विचारतात तसं. सगळं झाल्यावर “ठेवते,” म्हणाली. आजवर तिनं फोन ठेवताना नुसतं “ठेवते” कधी म्हटलं नव्हतं. “ठेवते काका” म्हणायची.

आज मी तांड्यावर चाललोय. थावरूला कविताकडून कळायच्या आत माझ्या तोंडून कळू दे म्हणून — नाही, तेही नीटनेटकं करून सांगतोय मी. तिनं कदाचित कालच सांगितलं असेल. तो परवापासून स्टँडवर आलेला नाही. तरी जातोय. त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं आहे : तू विचारलंस त्या दिवशी सकाळीच मला रक्त गेलं होतं. तुला जातंय हे मला कळलं होतं. आणि पोरगी दारात आली तेव्हाही मी गप्प बसलो, चारचौघांत वाघ म्हणवून घ्यायला.

पोरानं गाडी दारात आणून लावली आहे.