पाण्याचे साहेब

तक्रार कुणाचीही असो, ते आधी तांब्या मागायचे. त्यातलं पाणी पेल्यात ओतून पेला उन्हाकडे धरायचे, लग्नातला आहेर दाखवावा तसा जमलेल्या सगळ्यांसमोरून फिरवायचे आणि मान मागे टाकून, ओठ न लावता, वरूनच प्यायचे. मग खांद्यावरच्या रुमालाने मिशा पुसून म्हणायचे, "प्यालो. आता बोला."

यावर माणूस काय बोलणार? पाणी वाईट म्हणावं, तर ते पिऊन समोरचा ढेकर देतो आहे. तक्रारवाले एकमेकांची तोंडं बघत घरी जायचे आणि पाणी जसं होतं तसंच राहायचं.

तुमच्याही गावात असा एखादा असेलच. खड्ड्यांची तक्रार केली की त्याच खड्ड्यातून स्वतःची मोटारसायकल नेऊन दाखवणारे आमच्याकडे एक आहेत. उघड्या पडलेल्या विजेच्या तारेला हात लावून दाखवणारा मात्र मी अजून पाहिला नाही. त्या मानाने पाणी सोयीचं. ते लगेच मारत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नळाला पाणी आठवड्याने येतं, तेही आठवडा चांगला असला तर. पेला फिरवणारे ते गृहस्थ पाणीपुरवठा विभागात होते. नेमका हुद्दा काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या ऑफिसात खुर्ची असलेला आणि आमच्याच गल्लीत राहणारा माणूस म्हणून ते साहेब. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. मुख्य लाइन तिथून आत वळते, त्यामुळे पाणी आधी त्यांच्याकडे यायचं आणि मग, उरलं तर, आमच्याकडे.

मी वजनकाटे तपासायच्या खात्यात नोकरी करतो. दुकानदार छातीवर हात ठेवून काटा बरोबर असल्याचं सांगतो, तेव्हा मी मान हलवतो आणि पेटीतून प्रमाणित वजनं काढतो. त्यामुळे साहेबांचा तो पेला मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. एका माणसाचं पोट म्हणजे काही प्रमाणित वजन नव्हे. लहानपणी ओढ्याचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाचं तर नाहीच. हे मी त्यांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तुमी काटे तपासा हो. पानी आमी बघतो."

मग मी औषधाच्या दुकानातून ती छोटी बाटली आणली, जिचे थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाचं पाणी पिवळं झालं. साहेबांच्या घरचं जेमतेम. गल्लीच्या आतल्या टोकाचं, म्हणजे आमचं, ढिम्म राहिलं. तिन्ही पाण्यांच्या काचेच्या नळ्या रांगेत लावून मी त्यांना दाखवल्या.

त्यांनी एकेक नळी उन्हाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, "मागं पानी पिवळं आलं तवा तुमीच बोंबलत आलतात. आता पिवळं न्हाई म्हनून बोंबलताय. एकदा ठरवून घ्या की."

गल्ली खो खो हसली. मी नळ्या खिशात घालून घरी आलो. गल्लीने माझ्या बाजूने हसावं अशी माझीही अपेक्षा नव्हती, कारण गल्लीचं सोंग साहेबांपेक्षा मोठं होतं. आमच्याकडे एकवीस नळ. त्यांतल्या एकोणीस नळांना थेट मोटर जोडलेली. उरलेल्या दोन नळांपैकी एक माझा आणि दुसरा कायम बंद असलेल्या घराचा. पाणी सुटलं की एकोणीस मोटारी एकदम सुरू होतात आणि गल्ली पिठाच्या गिरणीसारखी घुमू लागते. नळाची लाइन गटाराच्या कडेने, दोन ठिकाणी तर गटारातूनच गेलेली. सांधे जुने. मोटर पाणी ओढते, पण कुठलं ओढायचं हे तिला कळत नाही. लाइनमधलं संपलं की सांध्यातून गटारातलं आत येतं.

हे मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. प्रत्येकाला समजलं. त्यातली गंमत हीच. "खरंय तुमचं," असं म्हणून प्रत्येकजण समोरच्या घराकडे बोट दाखवायचा. त्याने मोटर काढली की हा काढणार. आणि समोरचा याची वाट बघणार. शिकलेली, पगारदार, वर्षाकाठी नारायणगडाला दर्शनाला जाऊन येणारी माणसं स्वतःच्या हौदात स्वतःचंच गटार भरून घेत होती आणि त्यासाठी विजेचं बिलही भरत होती.

नळाला मोटर लावणं नियमाबाहेरचं. ती काढायचा अधिकार साहेबांच्या ऑफिसाचा. मी म्हटलं, काढा. त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य तेव्हा ऐकलं. "आपलीच मानसं हायत. कुनाकुनाची काढू?" त्यांच्या स्वतःच्या अंगणातली मोटर त्या वेळी पोत्याखाली झाकलेली होती. पोतं ओलं होतं.

आपलीच माणसं म्हणून पाणी वाईट आहे हे सांगायचं नाही, आणि आपलीच माणसं म्हणून ते सुधारायचंही नाही. असा चांगुलपणा करायला कष्ट पडत नाहीत. एक पेला पाणी पुरतं.

त्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली. आधी दोन पोरं, मग एक शिक्षक, मग एकाच घरातले तिघे. लोकांनी पाणी सोडून बाकी सगळ्याला दोष दिला. उसाचा रस, पाणीपुरी, लग्नातलं जेवण, कुणाची तरी नजर. थंडगार जार विकत घेणाऱ्यांना वाटायचं आपण सुटलो. त्या जारच्या पाण्यातही मी ते थेंब टाकून पाहिले होते. ते पाणी थंड असतं, याहून जास्त खात्री मी त्याची देऊ शकत नाही.

सातवी कावीळ गिरणीवाल्या काकूंच्या सुनेला झाली. तिला सातवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बीडला न्यायला सांगितलं. सून वाचली. बाळ गेलं.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी काकू साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.  त्यांच्यामागे गल्ली जमली, मीही होतो. कुणीतरी आमच्या टोकाच्या नळाचं पाणी बादलीत आणलं होतं. त्याला वास येत होता. एकजण म्हणाला, साहेब, आता काय ते सांगा.

आणि साहेबांनी तांब्या मागितला.

मला वाटलं होतं, निदान आज तरी मागणार नाहीत. त्यांनी बादलीत तांब्या बुडवला, पेला भरला, उन्हाकडे धरला. फिरवताना काकूंच्या समोरूनही फिरवला. मी त्यांचा इतका तिरस्कार त्याआधी केला नव्हता आणि नंतरही केला नाही. ते प्याले. मिशा पुसल्या. "प्यालो," म्हणाले. "पान्याला काय झालंय? आपन कावून उगं घाबरायचं?"

त्यांची मुलगी ओट्यावर उभी होती. पहिल्या बाळंतपणाला सिरसाळ्याहून माहेरी आलेली, आठवा महिना. गल्लीत जे झालं ते तिला सगळं ठाऊक होतं. माहेरवाशिणीला काही सांगावं लागत नाही. एक एक पायरी सांभाळत ती खाली आली आणि तिने हात पुढे केला.

"पप्पा, मला बी द्या."

साहेब हसायला गेले. ती हसली नाही. "तुमी पेताय की. मी बी पेते. द्या इकडं."

पेल्यात अजून अर्धं पाणी होतं. तिचा हात पुढे होता. आता गल्लीला एवढंच बघायचं होतं की बाप पेला देतो की नाही. दिला तर पाणी चांगलं. नाही दिला तर इतक्या वर्षांचं सगळं खोटं. आमच्या गल्लीत प्रसंग कुठलाही असो, कुणीतरी टोमणा मारतोच. त्या दिवशी कुणी मारला नाही. साहेबांनी पेला थोडा पुढे केला, मग छातीशी घेतला. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

काकूच बोलल्या, अगदी हळू. "साहेब, देऊ नका तिला."

साहेबांनी पेला पालथा केला. पाणी मातीत गेलं. मग ते मुलीचा हात धरून तिला आत घेऊन गेले आणि बाहेर आलेच नाहीत. लोक थोडा वेळ थांबून पांगले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी साहेब ऑफिसातला एक फिटर आणि पाने घेऊन गल्लीत आले. पहिली मोटर त्यांनी स्वतःच्या अंगणातली काढली, पोत्यासकट. मग एकेक घर घेत आत आले. रागावले नाहीत, समजावलं नाही, पेला मागितला नाही. "आपलीच मानसं" असं त्यांना कुणीतरी म्हणून दाखवलं, तर म्हणाले, "व्हय, म्हनूनच." दुपारपर्यंत सोळा मोटारी निघाल्या. मी त्यांच्यामागून मोजत हिंडत होतो आणि खोटं कशाला बोलू, कौतुकापेक्षा मला रागच जास्त येत होता. वर्षानुवर्षं जे होत नव्हतं ते एका सकाळीत होत होतं. त्यासाठी फक्त त्यांच्या घरात पोटुशी लेक यावी लागली. काकूंची सून त्यांना पुरली नव्हती.

सतरावी मोटर मेंबरच्या घरची होती. मेंबर म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. साहेबांनी तीही काढली.

आठवडा जायच्या आत साहेबांची घरपट्टीच्या टेबलावर बदली झाली. गल्लीने सह्यांचा अर्ज दिला होता, पाणीपुरवठ्यात मनमानी चालते म्हणून. ज्यांच्या पोरांना कावीळ झाली होती, त्यांच्याही सह्या होत्या. काढलेल्या मोटारी परत जोडल्या गेल्या, मेंबरची सगळ्यांत आधी. एकाने तर जास्त ताकदीची आणली. पाण्याच्या ऑफिसात आता दुसरे साहेब बसतात. ते तक्रारवाल्यांसमोर पाणी पीत नाहीत. टेबलाखाली त्यांचा जार असतो.

मोटारी परत घुमू लागल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बसले नाहीत. म्हणाले, "तुमची गाडी लागंल, सिरसाळ्यापस्तोर. लेकीला सासरी नेऊन घालायचंय."

मी काही विचारणार होतो. तेच म्हणाले, "दुसऱ्याची केली असती. पन तुमाला कारन तरी सांगावं लागनार न्हाई."

घरी ते पाणी उकळून देत होते, हे मला नंतर त्यांच्या पत्नीने सांगितलं. पण चूळ भरायचं पाणी, भांडी विसळायचं पाणी, भाजी धुवायचं पाणी, किती उकळणार? मुलगी कुठे कुठे हात लावते, हे बघत साहेब घरभर मागे मागे हिंडायचे म्हणे.

पहिलं बाळंतपण माहेरीच. आठव्या महिन्यात लेकीला परत सासरी सोडणं म्हणजे आमच्याकडे बापाची लायकी निघते. खायला घालणं जड झालं असेल, नवराबायकोचं वाजलं असेल, लोक काहीही म्हणतात.  गाडीत मुलगी मागे आईच्या खांद्याला टेकून होती. साहेब माझ्याशेजारी मांडीवर एक मोठी कापडी पिशवी घेऊन बसले होते. दुपटी, कुंची, झबली, डिंकाचे लाडू. बाळंतपण उरकून निघताना लेकीबरोबर जे द्यायचं, ते सगळं आधीच भरून घेतलेलं.

सासरचं घर गावाच्या कडेला, शेतालगत. शेतात बोअर. गटार जवळपास दिसलं नाही. पाणी मी तपासलेलं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही.

विहीणबाई दारात आल्या. सुनेकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. काही अघटित तर नाही ना, असं त्यांनी आधी विचारलं. नाही म्हटल्यावर आवाज चढला. "मग कावून आनलं परत? पयलं बाळंतपन माहेरी असतं, हे तुमाला आमी सांगावं का? काय कमी पडलं तुमच्या घरी?"

साहेबांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या, पण ते आत गेले नाहीत.

"आमच्या गावचं पानी चांगलं न्हाई," ते म्हणाले.

"तुमीच तर पान्याचे साहेब."

"म्हनूनच सांगतो."

विहीणबाईंना ते अजिबात पटलं नाही. पाण्यासाठी म्हणे कुणी लेक परत आणतं, असं त्या शेजारणीकडे बघून म्हणाल्या. शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. साहेब खाली मान घालून उभे राहिले. सुधारून सांगितलं नाही, पाइप, सांधे, मोटर यांतलं काही काढलं नाही. दोन्ही हातांवर धरलेली पिशवी त्यांनी पुढे केली. विहीणबाईंनी ती घेतली नाही. शेवटी मुलीनेच वळून ती बापाच्या हातांतून घेतली आणि आत गेली.

मी गाडी वळवायला गेलो. वळवून दारापाशी आणली, तरी साहेब तिथेच होते, अनवाणी, दोन्ही हात तसेच पुढे धरून.