लंडनहून येताना लागलेला जास्तीचा वेळ

माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाची हॅट खाटेवर होती आणि मी पोह्यांची भरली बशी तिच्यावर ठेवली. मुद्दाम नव्हे. मी त्या वेळी त्याच्या तोंडाकडे रोखून बघत होतो.

वडील गेल्यावर आई गावी महाळुंग्यालाच राहिली आणि धाकटीच्या लग्नाचं माझ्यावरच आलं होतं. पिंपरीत तेव्हा नवा कारखाना उभा राहत होता, मी तिथं फिटर. मुलगा चिखलीचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या कंपनीनं म्हणे त्याला यंत्रं शिकायला लंडनला पाठवलं होतं, तेही विमानानं. हे ‘म्हणे’ काही माझ्या घशाखाली उतरेना. हॅट काय, पुण्यात कॅम्पातही मिळते.

“मुंबईहून किती वेळ लागला?” मी सहज विचारल्यासारखं केलं.

“दुपारी जेवून निघालो. मधे दोन-तीन ठिकाणी विमान उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला लंडनात.”

“आणि येताना?”

“तिथून सकाळी चहा घेऊन निघालो, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला मुंबईत.”

म्हणजे जाताना पुरता दिवसही नाही आणि येताना सव्वा दिवस. रस्ता तोच, विमान तसलंच. सापडला चोर, असं मनात म्हणत मी हातातली बशी ठेवली, ती तेव्हा.

“येताना आकाशात चढ लागतो वाटतं?”

“तसं नाही, दादा. तिथं सूर्य आपल्यापेक्षा उशिरा उगवतो. पोचल्यावर घड्याळ साडेपाच तास मागं करायचं, परत आलं की पुढं. प्रवास दोन्हीकडून सारखाच, एका दिवस-रात्रीचा.”

“सूर्य काय पाळीवर येतो?”

“तसंच समजा. आपल्याकडची पाळी करून तिकडं जातो.”

उत्तर इतकं चटकन आलं की पाठ करून आलाय याची मला खात्रीच पटली.

त्याच्याबरोबर त्याचे चुलते आले होते. ते म्हणाले, “पावनं, पोरगं कुठं गेलं व्हतं ते मागनं बघू. त्याच्या टोपीवर पोहं हायेत, ते काढा आदी.”

मी उठायच्या आत बहीण पुढं झाली. हॅट आत नेली, ओल्या फडक्यानं पुसून आणली आणि सरळ त्याच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निघताना चुलते म्हणाले, “उद्यापतुर सांगा. न्हाईतर आमाला दुसरं घर बघाय लागंल.”

ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, “नको असंच कळवूया. एकाच रस्त्याला जाताना एक वेळ आणि येताना दुसरा, हे होईलच कसं?”

ती खाटेवरचे पोहे वेचत होती.

“दर रविवारी तुम्ही सायकलनं महाळुंग्याला सासूबाईंना भेटायला जाता,” ती म्हणाली. “सकाळी गेलात की तासा-दीड तासात पोचता, त्या सांगतात मला. जेवून निघता, तेही सांगतात. इथं येता दिवेलागणीला. घड्याळ तर तुम्ही मागंपुढं करत नाही. मधे कुठं उतरता, मी कधी विचारलंय? उद्या सकाळी चिखलीला जाऊन होकार सांगा. आणि सरळ घरी या.”