गंध लावलेलं लॉक

छत्रीबागेतल्या पोह्यांच्या गाडीपाशी रोज सकाळी दोन माणसं तावातावाने बोलत उभी असत. नवख्याला वाटे, जागेचा तंटा असावा. गाडीवाल्याला मात्र ठाऊक होतं की एकाच्या घरी मॅक आहे, दुसऱ्याच्या दुकानात पीसी आहे, आणि भांडण तेवढंच आहे. तो दोघांच्या पोह्यांवर शेव घालायचा आणि मधे पडायचा नाही.

मॅकवाले ते दौलतराव जगदाळे. पीसीवाला अरविंद पेंढारकर. दोघे एकाच कापड मिलमधले. दौलतराव फोल्डिंग खात्यात, अरविंद हिशेब खात्यात. मिल बंद पडून पाच-सहा वर्षं झाली होती. अरविंदने सुदामा नगरात दुकान काढलं, तिथे तो सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून देई आणि वेळ उरला की लग्नपत्रिका करी. दौलतराव एका छापखान्यात लागले, तिथेच मॅक शिकले, आणि छापखान्याच्या मालकाने सगळा कारभार पीसीवर नेला तेव्हा त्याने अडगळ म्हणून बाजूला टाकलेला मॅक हप्त्याहप्त्याने घेऊन घरी आले.

"दौलतराव, तुमच्या मशीनला सर्दी झाली तर डॉक्टर मुंबईहून बोलवावा लागतो," अरविंद म्हणे. "माझं बिघडलं तर जेल रोडला जायचं, पार्ट आणायचा, पेचकस फिरवायचा, खतम."

"फिरवतोसच की रोज पेचकस. माझं उघडायची वेळच येत नाही."

"उघडताच येत नाही म्हणा ना. कंपनी उघडू देईल तेव्हा उघडाल."

"घोडा नीट चालत असला तर त्याचं पोट उघडून बघतं का कोणी?"

घोड्याचा दाखला दौलतरावांच्या बोलण्यात हमखास येई. जगदाळ्यांचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. दौलतरावांनी स्वतः घोडा फक्त वरातीत पाहिलेला, पण एकदा ज्याची चाकरी धरली त्याला सोडायचं नाही, हे घरात जेवणाच्या पानावर ऐकत ते वाढले होते. मिलमध्ये सव्वीस वर्षं राहिले. मिलनेच त्यांना सोडलं, हा मुद्दा अरविंद कधीकधी काढी, आणि काढल्यावर लगेच दुसऱ्या विषयावर जाई.

दुसरा विषय म्हणजे लॉक. दौलतरावांचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं होतं. त्याच्याबरोबर काडेपेटीएवढी एक डबी येई. ती कीबोर्डच्या वायरीत जोडली तरच सॉफ्टवेअर उघडायचं. डबी काढली की कॉम्प्युटर नुसता शोभेचा. त्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला मजकूर दुसरीकडे कुठे उघडला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसे.

"म्हणजे बघा भिया," अरविंद गाडीवाल्याकडे वळून म्हणे, "ह्यांनी सायकल विकत घेतली, पूरे पैसे मोजले. आणि दुकानदार म्हणतो, फक्त ह्याच गल्लीत चालवायची, आणि किल्ली मी सांगीन तिथेच लावायची."

"अक्षरं काढायला कोणीतरी वर्षानुवर्षं बसलाय, अरविंदा. त्याला त्याचं मिळायला नको?"

"मिळू द्या ना. मी कुठे नाही म्हणतो. माझ्याकडून नको, बस."

अरविंदच्या दुकानात सगळं सॉफ्टवेअर फ्लॉपीतून फ्लॉपीत फिरत आलेलं होतं. दौलतरावांनी मात्र सॉफ्टवेअर बिलासकट घेतलं होतं आणि आलेलं लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. त्याला कारण होतं. फोल्डिंग खात्यात त्यांचं काम होतं ताग्याच्या टोकाला मिलचा छापा मारण्याचं. शेवटच्या वर्षांत बाजारात भलत्याच कापडावर तोच छापा दिसू लागला. हुबेहूब, फक्त कडेची वेलबुट्टी जरा जाड. एकदा कापडाच्या दुकानात त्यांनी तो तागा हातात घेतला आणि नीट घडी घालून परत ठेवला. तेव्हापासून नक्कल हा शब्द त्यांना सहन होत नसे.

त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम दौलतरावांना मिळालं. पत्रिका, पावत्या, श्रद्धांजलीचे कागद ह्यांच्या पलीकडचं हे पहिलंच मोठं काम. मंडळाच्या चिटणीस यशोधराताई एका कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी हस्तलिखितांचा गठ्ठा देताना सांगितलं, "शेवटच्या पानावर तुमचं नाव येईल हं. अक्षरजुळणी आणि मांडणी, दौलतराव जगदाळे." घरी येऊन दौलतरावांनी ही ओळ बायकोला, सरोजिनीबाईंना, दोनदा ऐकवली. मिल बंद झाल्यापासून छापील असं त्यांचं नाव मतदारयादीतच काय ते आलं होतं.

नवरात्र संपत आलं तेव्हा निम्म्याहून जास्त अंक मशीनमध्ये तयार होता. मग आली खंडेनवमी.

जगदाळ्यांच्या घरी ह्या दिवशी शस्त्रांची पूजा असे. शस्त्र म्हणजे एक जुनी तलवार, तिच्या शेजारी मिलच्या दिवसांत छाप्याचा ठसा असे, आणि अलीकडे कॉम्प्युटर. आधीच्या वर्षी दौलतरावांनी कीबोर्डाला झेंडूचं फूल वाहून भागवलं होतं. ह्या वर्षी त्यांना ते अपुरं वाटलं. एवढं मोठं काम हातात, आणि ज्याच्या जोरावर करायचं त्याची पूजा नुसत्या फुलाने कशी करायची? मशीन उचलून देवापुढे नेणं जमणारं नव्हतं. विचार करता त्यांच्या लक्षात आलं की सगळ्याचा जीव त्या डबीत आहे. त्यांनी लॉक काढलं आणि ताम्हणात तलवारीच्या मुठीशी ठेवलं.

"अहो, त्याला फूल पुरे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

दौलतरावांनी तलवारीवर पळीभर पाणी घातलं. एकीला स्नान आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांना बरं दिसेना. लॉकवरही अर्धी पळी घातलं. मग गंध. तलवारीला कुठे लावायचं ते ठरलेलं होतं. लॉकचं तोंड कुठलं हा प्रश्न पडला. एका बाजूला पिना चमकत होत्या. तेच तोंड असणार, असं म्हणून त्यांनी तिथे गंध लावलं, वर कुंकू, वर अक्षता. दसऱ्याच्या दिवशी कामाला हात लावायचा नाही म्हणून लॉक तसंच देवापुढे राहिलं आणि गंध चांगलं वाळलं.

एकादशीला त्यांनी लॉक जोडलं. पडद्यावर इंग्रजीत आलं की लॉक सापडत नाही. त्यांनी काढून पुन्हा जोडलं. मशीनचं म्हणणं तेच.

"मी म्हटलं होतं फूल पुरे," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि ब्रश आणायला गेल्या.

ब्रशाने गंध निघालं. शेजारच्या कंपाउंडरने दिलेल्या स्पिरिटने कुंकू निघालं. दोन तांदूळ टाचणीने काढले. लॉक अगदी नव्यासारखं दिसू लागलं, पण बोलेना.

दौलतराव एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याला फोन लावला. तिकडून एका मुलीने फार नम्रपणे विचारलं, "नेमकं काय झालं होतं, सर?"

"पूजा."

मुलीने तो शब्द पुन्हा एकदा विचारून घेतला. मग ती म्हणाली, "सर, मी पाण्याने खराब झालं असं लिहिते. तुम्ही लॉक पाठवा. मॅकची मागणी कमी आहे, त्याची लॉकं तयार नसतात. दिवाळीनंतर नवं देऊ."

"माझ्याकडे लायसन्स आहे. फ्रेम करून लावलंय."

"छान केलंत सर. पण लायसन्स नको, लॉक पाठवा."

यशोधराताईंना त्यांनी खरं ते सांगितलं. बाई हसल्या नाहीत, हे त्यांनी मनात नोंदवलं. "दौलतराव," त्या म्हणाल्या, "जाहिराती देणाऱ्यांना मी शब्द दिलाय. अंक दिवाळीच्या आधी लोकांच्या हातात पडायला हवा. सोमवारपर्यंत काही जमलं नाही तर विजय नगरात अक्षरजुळणीचं एक नवं ऑफिस झालंय, त्यांना देते. मला वाईट वाटेल, पण देईन."

दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या गाडीपाशी अरविंदने सगळं ऐकलं. पूजेची गोष्ट आली तेव्हा तो पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाला, "चला माझ्या दुकानात. तेच सॉफ्टवेअर आहे, पीसीचं. हस्तलिखितं आहेत ना? पुन्हा टाइप करू. आणि माझ्यावाल्यात लॉकची भानगडच नाही."

"नाही कसं? काढून टाकलंय ना कोणीतरी?"

"काढलंय म्हणा, फोडलंय म्हणा. चालतंय मक्खन."

"मग नको."

"दौलतराव, दहा दिवसांचा तर सवाल आहे."

"तो नकली छापा मारणाऱ्यानेही असंच म्हटलं असेल."

अरविंद त्या दिवशी चिडला. "ठीक आहे. मला एक सांगा. ज्याने पूरे पैसे दिले तो माणूस दाराबाहेर उभा आहे, आणि ज्याने दिडकी दिली नाही तो आत पंख्याखाली बसलाय. हे कुलूप नक्की कोणासाठी आहे हो?"

दौलतरावांनी पोहे संपवले, पानाचा द्रोण नीट टोपलीत टाकला आणि घरी गेले.

नवं पीसीचं सॉफ्टवेअर जेल रोडवर मिळत होतं, पण त्यांच्याकडे पीसी नव्हता, आणि एक कुलूप बंद असताना दुसरं घ्यायची ऐपतही नव्हती. पुढचे दोन दिवस ते गाडीकडे फिरकले नाहीत. रविवारी दुपारी त्यांनी हस्तलिखितं क्रमाने लावली, सुतळीने बांधली आणि सरोजिनीबाईंना म्हणाले, "उद्या कशाला थांबायचं? आजच देऊन येतो ताईंना."

"चहा घेऊन जा."

"नको."

"मी टाकलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी टाकला नव्हता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मग टाकला, आणि मुद्दाम बारीक गॅसवर ठेवला. नवऱ्याचं बाहेर पडणं जरा लांबलं तर त्यांना हवं होतं.

चहा उकळायच्या आत अरविंदची लुना दाराशी थांबली. तो आत आला आणि एक खोका टेबलावर ठेवला. खोक्यावर पुण्याच्या कंपनीचं नाव होतं. वरचं सील शाबूत होतं.

"हे काय?"

"सॉफ्टवेअर. पीसीचं. बिल आतच आहे, माझ्या नावाचं. तुमच्यासाठी नाही आणलं, उगीच काही समजू नका. मला घ्यायचंच होतं."

"तुला?"

"त्या फोडलेल्यात श हिंदीसारखा येतो. गिऱ्हाइकं कटकट करतात."

अरविंदची निम्मी गिऱ्हाइकं माळवी शेतकरी होती आणि उरलेल्यांना पत्रिकेवर गणपती मोठा हवा असे. आजवर श बद्दल कोणी चकार शब्द काढलेला दौलतरावांनी ऐकला नव्हता. त्यांनी खोका हातात घेतला, सीलवरून अंगठा फिरवला, उलटून मागची बाजू पाहिली. "तू उघड," ते म्हणाले. "तुझं आहे."

"तुम्हीच उघडा. मला सवय नाही."

सरोजिनीबाईंनी चहाचं आधण वाढवलं.

सोमवारी सकाळी दौलतराव सुदामा नगरात अरविंदच्या दुकानात पीसीपुढे बसले. यशोधराताईंना निरोप गेला होता, आणि त्यांचा उलट निरोप आला होता की विजय नगरवाल्यांना त्या अजून काही बोललेल्या नाहीत. पहिला दिवस माउसमध्ये गेला.

"ह्याला दोन बटणं कशाला?"

"एक डावं, एक उजवं."

"ते दिसतंय. माझ्याकडे एकच आहे, आणि काही अडलं नाही."

अरविंद हस्तलिखित मोठ्याने वाची, दौलतराव टाइप करीत. एका काकूंचा माळव्यातल्या मराठी सणांवरचा लेख चालू असताना मशीन जागच्या जागी थिजलं. अरविंद बटण दाबून ते पुन्हा सुरू करू लागला. दौलतराव नुसते त्याच्याकडे पाहत राहिले.

"बोला, बोलून टाका," अरविंद म्हणाला. "असं बघू नका."

"मी काय म्हणतोय?"

"घोडा म्हणणार होतात तुम्ही."

"नव्हतो म्हणणार. पण हा बसला तर खरा."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अंक छापून आला. यशोधराताईंनी पहिली प्रत दौलतरावांच्या हातात दिली. त्यांनी थेट शेवटचं पान काढलं. अक्षरजुळणी आणि मांडणी: दौलतराव जगदाळे, अरविंद पेंढारकर. अरविंदने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "माझं कशाला? मी तर फक्त वाचून दाखवलं."

"हस्तलिखितांच्या पिवळ्या पानांवरचं अक्षर वाचणं सोपं नव्हतं," दौलतराव म्हणाले.

पुण्याहून मॅकचं लॉक थंडीत आलं. तोवर दौलतरावांचा अरविंदच्या दुकानात जम बसला होता. दोघं मिळून कामं घेत होते आणि माउसचं उजवं बटणही ते हल्ली न विचारता दाबत. अरविंदला वाटलं, आता मॅक विकायची गोष्ट निघेल. गिऱ्हाईकही त्याने मनात हेरून ठेवलं होतं. तशी गोष्ट निघाली नाही.

त्या दुपारी दौलतरावांनी घरी लॉक कोरडं पुसून जोडलं. मशीन उघडलं. दिवाळी अंक होता तसाच आत होता, दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिथे थांबला होता तिथे. काकूंच्या लेखात पोळ्याची तिथी चुकलेली होती. एका कवितेत दोन ओळी एकीत मिसळल्या होत्या. पीसीवर काम करताना ह्या चुका त्यांनी काढल्या होत्या. इथे त्या तशाच राहिल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावला, छापलेला अंक शेजारी उघडा ठेवला आणि पहिल्या पानापासून दुरुस्त करायला सुरुवात केली.

सरोजिनीबाई डाळ निवडत बसल्या होत्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "अहो, अंक तर वाटून झाला. लोकांनी वाचून रद्दीत घातला असेल. आता हे कोणासाठी?"

"ह्याच्याकडे चुकीचा राहिला होता," दौलतराव म्हणाले आणि पान उलटलं.