इंदुकाकूंचं सोवळं आणि रुस्तम

पाऊस येईलसं वाटलं म्हणून मी इंदुकाकूंची दोरीवरची सोवळ्याची साडी आत आणली. नैवेद्य करताना नेसायची म्हणून धुऊन वाळत घातलेल्या साडीला हात लावला, ही पहिली चूक. ती रुस्तमच्या खुर्चीवर ठेवली, ही दुसरी. काकूंना यातलं काहीच सांगितलं नाही, ही तिसरी.

रुस्तम म्हणजे काकूंचा कुत्रा. शेजारच्या इंद्रपुरी वसाहतीतला एक इंजिनियर बदली होऊन जाताना "दोन दिवस सांभाळा" म्हणून त्याला ठेवून गेला, तो आजतागायत परतलेला नाही. रोज टोपलीभर केस गळतात, तरी कुत्रा तेवढाच! काकूंनी कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून मोठमोठ्या साहेबांना "थांबा" म्हणण्यात नोकरी काढलेली; पण कुत्र्यापुढे त्यांचं काही चालत नाही. सुनेने काळी साडी पाठवली, ती त्यांनी बदलून बदामी आणली. का, तर कुत्रा बदामी आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक वर्षानुवर्षं काकूंचेच. त्या दिवशी अध्यक्ष शैलेंद्ररावांच्या मोदकात एक केस निघाला. त्यांनी तो उजेडात धरला. तो त्यांचा स्वतःचा नव्हता, हे सांगायची गरज नव्हती. त्यांचं डोकं सगळ्या मंडळाने पाहिलेलं आहे.

तिथल्या तिथे ठरलं: विसर्जनापर्यंत कुत्रा दुसरीकडे, नाहीतर मोदक हलवायाकडून. निरोप्या मी, कारण शेजारी मी.

काकू अंगणात रुस्तमला विंचरत होत्या. मी आधी साडीचं सगळं कबूल केलं.

"गाढवा," त्या म्हणाल्या आणि कंगवा माझ्या हातात दिला. "शेपटीकडची बाजू तू कर."

शेपटीकडची बाजू करत मी मंडळाचा निरोप सांगितला.

"हलवाई उकडीचे करतो?"

"नाही. माव्याचे."

"मग खा म्हणावं माव्याचे."

"काकू, इतक्या वर्षांचा तुमचा मान. चार दिवस रुस्तमला माझ्याकडे ठेवू या ना."

"त्याला एकदा असंच ठेवून गेलेत. पुन्हा नाही."

रुस्तमने अंग झाडलं. माझा काळा सदरा क्षणात बदामी झाला. मी शिंकत शिंकत शेवटचं अस्त्र काढलं, "अहो, पण नैवेद्याच्या घरात जनावर नको, असं शैलेंद्रराव म्हणतात."

"मग गणपतीला आधी सांगा म्हणावं, उंदीर घरी ठेवून ये!"