कोर सोडून

मोटारीच्या रंगाची नाडी माझ्या साडूंइतकी अचूक ओळखणारा मनुष्य गोदावरीच्या अलीकडे दुसरा जन्मला नाही, असे मी हलफेवर लिहून देण्यास तयार आहे. अंबडच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी आजवर हजारो अर्ज, दरख्वास्ती व इकरारनामे लिहिले. खरे आणि खोटे यांच्यामधली रेघ माझ्याइतकी कोणी पाहिली नसेल. तेव्हा माझ्या या विधानास वजन आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडीगोद्रीकडचे, मेंढरांमागे वाढलेले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते आणि शाळेनेही त्यांचे पाहिले नव्हते. मी मात्र चार इयत्ता पूर्ण करून पाचवीच्या उंबऱ्यापर्यंत गेलेला, म्हणून आमच्या घराण्यात विद्येचा भाग माझ्याकडे आणि बाकी सगळा त्यांच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. त्यांनी आयुष्यात जे जे विकत घेतले त्या प्रत्येकाला पोट होते. अपवाद एकच. कुठल्याशा सरकारी लिलावातून त्यांनी लोकर कातरण्याचे एक विलायती यंत्र उचलून आणले. एक लोखंडी चाक, ते हाताने फिरवायचा दांडा, त्यातून निघालेली सापासारखी लवचिक नळी आणि तिच्या टोकाला कातर. पहिल्याच मेंढीने त्याचा घरघराट ऐकून जी धूम ठोकली, ती थेट शहागडच्या वाटेवर सापडली. दुसरा कोणी असता तर ते यंत्र लोहाराला देऊन टाकता. साडूंनी कातर काढली, तिच्या जागी लाकडाची चकती बसवली, तिच्यावर कोकराची मऊ लोकर चढवली आणि भोवतालच्या जगात चमकवण्याजोगे काय आहे याचा शोध सुरू केला.

प्रारंभ माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर झाला. मग जालन्याहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडून त्यांनी एक मोडका मडगार्ड मागून आणला आणि फिरती चकती एकाच जागी दाबून धरून त्याचा रंग जाणूनबुजून जाळला. एके ठिकाणी जाळला, दुसऱ्या ठिकाणी जाळला, पुन्हा जाळला. मी म्हणालो, "साडूभाऊ, हे शिकणे आहे की सूड?" ते म्हणाले, "पाव्हणं, कव्हा जळतंय हे कळल्याबिगर न जळू कसं द्यावं? दुसऱ्याच्या मोटारीवर शिकू का मंग?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही.

त्यांचे नियम पुष्कळ होते व ते मोडणाऱ्यास माफी नव्हती. मोटार उन्हातून आली की तिला आधी झाडाखाली निजू द्यायचे. टपावर पालथा हात ठेवून ती निवाली असे पटल्याखेरीज पुढे जायचे नाही. मग पाणी, वरून खाली. सोबत दोन बादल्या, एकीत मळका फडका पिळायचा, दुसरीत फडका फक्त बुडवायचा. या बादल्यांची अदलाबदल केल्याबद्दल त्यांनी एकदा सख्ख्या भावाशी आठवडाभर भाषण बंद ठेवले होते. त्यानंतर बोटांवर मलमलीचा तुकडा घेऊन, डोळे मिटून, साऱ्या अंगावरून हात फिरवायचा. मेंढीच्या पाठीत कुसळ सापडावे तसा त्यांना खडा सापडे. "एक खडा ऱ्हायला का, यंत्र त्याला गोल गोल फिरवून मोटारीवर जिलबी काढतंय," असे ते म्हणत. लोकरीची चकती चुकून जमिनीला टेकली की ती त्या दिवसापुरती बाद. मुलतानी माती चार वेळा वस्त्रगाळ करून जवसाच्या तेलात कालवायची आणि प्रथम मोटारीच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, तळहाताएवढी जागा घासून पाहायची. शेवटी टर्पेंटाइनात विरघळवलेले पोळ्याचे मेण. तेही इतके पातळ की लावले आहे की नुसते दाखवले आहे असा संशय यावा.

पण सगळ्या नियमांचा राजा दोन वाक्यांत होता. पहिले : "मेंढरू आन् यंत्र, एका जागी थांबू द्यायचं न्हाई, मेंढरू थांबलं की माळ उघडा, यंत्र थांबलं की पत्रा उघडा." दुसरे : "कोर सोडून." म्हणजे पत्रा जिथे वळतो, जिथे त्याची धार येते, तिथे रंग बांधावरच्या मातीसारखा पातळ असतो, तिथे यंत्र न्यायचे नाही. कोर बोटाने, फडक्याने, देवाचे नाव घेत करायची.

आमच्या गावच्या वकीलसाहेबांनी हैदराबादेहून एक काळी मोटार आणली होती. दोन उन्हाळ्यांत ती राखेसारखी झाली. मुलीच्या साखरपुड्याला मंठ्याहून वरपक्ष येणार, त्यांना आणायला ही मोटार जाणार, म्हणून साडूंना बोलावणे आले. साडूंची छाती फुगली, आणि माझीही, कारण करार लिहिण्याचा मान माझा. साडूंनी तोंडी सांगितले ते एवढेच : "रंगाला इजा झाली तर जबाबदारी माझी, असं लिवा." परंतु एवढ्याने का दस्तऐवज होतो? त्यास भारदस्तपणा यावा म्हणून मी पुढे एक कलम स्वतःच्या बुद्धीने जोडले : "सबब सदरहू रंगास तिळमात्र इजा पोहोचल्यास सदरहू यंत्र बिनतक्रार जप्त समजावे." वाचून दाखवले तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "वा, अर्जनवीस!" साडूंनी अंगठा दिला आणि मला विचारले, "चांगलं हाय ना, पाव्हणं?" मी म्हणालो, "असे कलम तालुक्यात दुसरा लिहिणार नाही." ते अक्षरशः खरे होते.

चार दिवस मी कचेरी सुटल्यावर दांडा फिरवायला जात असे. "हळू, पाव्हणं! मोटार हाय ती, रहाट न्हाई," अशी बोलणी खात असे. राखेतून काळी मोटार अशी वर येऊ लागली की तिच्यात लिंबाची पानेसुद्धा मोजता यावीत. चौथ्या दिवशी उजव्या बाजूचा पुढचा मडगार्ड तेवढा उरला. साडू बादल्या भरायला आडावर गेले. जाताना म्हणाले, "हात लावू नका. आलोच."

आता मी चार दिवस पाहत होतो. नियम मला पाठ होते. लिहून काढले असते तर चांगली बारा कलमे झाली असती. वकीलसाहेबांच्या शिपायास मी दांडा फिरवण्याचा हुकूम केला आणि चकती हाती धरली. मधला भाग उत्तम निघाला. कौतुकाने मी जरा पुढे झुकलो, चकती कोरेवर गेली, आणि शिपायाला "शाबास" म्हणण्यापुरता मी थांबलो. शाबास हा शब्द तीन अक्षरी आहे. तेवढ्यात काळ्याखालून बोटभर लांबीची तांबूस पट्टी वर आली.

साडू आले. त्यांनी पट्टीकडे पाहिले, चकतीकडे पाहिले, ती धरलेल्या हाताकडे पाहिले. माझ्या हातून चकती काढून घेतली, आणि नेमके तेव्हाच वकीलसाहेब पडवीतून खाली उतरले.

"ये क्या हुआ? कोणाच्या हातून?"

मी तोंड उघडले. तोच माझ्या पायावर साडूंचा पाय पडला. मेंढरामागे हयात काढलेल्या माणसाचा पाय तो, साधा नव्हे.

"यंत्र माझं, साहेब. हात बी माझाच," साडू म्हणाले.

वकीलसाहेबांनी इकरारनामा आणवला आणि माझ्याकडूनच वाचून घेतला. मी नेहमीच्या खड्या आवाजात सुरुवात केली. "जप्त" या शब्दाशी आवाज बसला. पाय केव्हाच मोकळा झाला होता. तरीही मी बोललो नाही.

यंत्र वकीलसाहेबांच्या कोठीत गेले. साडूंनी नुसती लोकर सोडवून घेतली आणि पुढचे दोन दिवस उरलेला मडगार्ड नुसत्या हातांनी केला. तांबूस पट्टीवर मेणात काजळ खलून असे काही बसवले की मंठ्याचे पाहुणे उतरल्यावर त्याच मडगार्डात बघून पागोटी नीट करू लागले. वाटेने परतताना मी म्हणालो, "साडूभाऊ, मी उद्या साहेबांना सांगतो." ते म्हणाले, "कशाला? तुमचा धंदा शब्दावर हाय. लोकं म्हणतील, ह्याचा शब्द बराबर न्हाई. माझा धंदा हातावर. हात कुठं जप्त झाले?" आणि हसले. पण कोठीवरून जाताना त्यांची चाल मंदावली, हे मी पाहिले. त्यानंतर ते नेहमी पलीकडच्या गल्लीने जात.

ते यंत्र अजून तिथेच आहे. चाकावर कोंबडी अंडी घालते असे ऐकतो. ते परत मिळावे म्हणून अर्ज लिहावयास मी कितीदा तरी बसलो. पहिले कलम झोकात उतरते. दुसऱ्यात माझे नाव येते आणि लेखणी थांबते. यंत्र थांबले की रंग जळतो. शब्दाचे काय होते, हे साडूंना विचारायचे राहिले आहे.

दर दसऱ्याला साडू येतात आणि माझी लिहिण्याची पेटी मेण लावून घासून देतात. मधला भाग तळहाताने, कोर एका बोटाने. त्यासाठी पेटी रिकामी करावी लागते. यंदा तळाचा कागद, तोच अर्धवट अर्ज, त्यांच्या हाती आला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उजेडात धरला. वर दोन ओळी, चारही बाजूंना काटेकोर सोडलेली जागा आणि बाकी सारे पांढरे.

"पाव्हणं, ह्यो अजून कोराच?"

"कोर सोडून ठेवली आहे, साडूभाऊ," मी म्हणालो.

त्यांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवले, खडा शोधावा तसे, डोळे मिटून. मग तो जुन्याच घडीवर दुमडून परत तळाशी ठेवला.

"बिलकुल बराबर," ते म्हणाले. "कोर संभाळली ना? मंग मधलं काय, होतंय कव्हा तरी."