सेलमावशीचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून बायका वाण घेऊन परत येतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरी मात्र वाण घेऊन जावं लागायचं. तिसऱ्या मजल्यावरची मावशी कुंकू लावायची, हातावर तिळगूळ ठेवायची आणि मग प्लास्टिकची बरणी पुढे करून विचारायची, "आणले काय गो? टाका ह्यात." टाकायचे ते घरातले संपलेले सेल. रिमोटचे, घड्याळाचे, खेळण्यांतले शर्टाच्या बटणासारखे चपटे. माझी बायको पहिल्या वर्षी चहाच्या गाळण्याच्या आशेनं गेली आणि रिमोट रिकामा करून आली. त्या संध्याकाळी चिडून मी 'सेलमावशी' हे नाव ठेवलं. ते गल्लीभर झालं. श्रेय अजून कुणी दिलेलं नाही.

मावशी मूळची कोन गावची. शेतावर गोदाम उभं राहिलं तशी ती नि काका भिवंडीत फ्लॅट घेऊन राहायला आले. बोलणं मात्र गावचंच राहिलं. मी पूर्ण्याच्या एका गोदामात कारकून, वय पंचेचाळीस, केस नावापुरते. तरी तिच्या लेखी मी 'बाला'.

आमच्या घराण्यात ढिला झालेला सेल उन्हात ठेवायची परंपरा आहे. उन्हानं तो पुन्हा जोर धरतो, असं माझे वडील सांगत आणि मीही छातीठोकपणे सांगत असे. एकदा गच्चीवर पापडांशेजारी माझे सेल वाळत पडलेले तिनं पाहिले.

"बाला, मेल्याला उनात बसवला तर तो उठंल काय रं?"

सेल तिनं पदरात घेतले आणि खाली नेले. पापडसुद्धा दोन नेले.

घरी तिचं एक काम कधी चुकलं नाही. काका चिकटपट्टी कापून द्यायचे आणि ती एकेका सेलच्या टोकांना पट्टी लावायची. चपटे सेल तर दोन्ही बाजूंनी झाकून टाकायची. "मानूस गेला का त्याचं तोंड बांधतात ना? तसं ह्याचं बांधायचं. मेला तरी ह्याच्यात जीव ऱ्हातो." मी खो खो हसलो होतो. काका हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

कल्याणची एक संस्था जुने सेल घेऊन कारखान्यात गाळायला पाठवते. तिथवर बरणी पोचवायचं काम माझ्या स्कूटरकडे आलं. "एवढा खटाटोप कशाला? घंटागाडीत टाकू," मी म्हटलं. ती म्हणाली, "डंपिंगवर बारकी पोरं कचरा वेचतात. चकचकीत दिसलं का उचलतात."

तर एकदा बरणी डिकीत मावेना. मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की आमच्या घरात सगळे सावध होतात, पण त्या दिवशी घरी कुणी नव्हतं. लाडवाचा स्टीलचा डबा घेतला, बरणी त्यात उपडी केली आणि वर आमच्या घरचे पट्टी न लावलेले मूठभर सेल ओतले. कोनच्या नाक्यावर बुडाला चटका बसायला लागला. उन्हाळा आहे, म्हणून मी सोसलं. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ भाईसाब, सीट के नीचे धुआँ है!" सेलची उघडी टोकं एकमेकांना नि स्टीलला टेकून डबा तापला होता. तो रस्त्याकडेच्या रेतीत फेकेपर्यंत दोन बोटं पोळली.

परत येऊन मी हा किस्सा मावशीला रंगवून सांगितला, रिक्षावाल्याचा आवाज काढून. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.

"पोटात गेला का असाच तापतो," ती म्हणाली.

मग तिनं कोनच्या घरातली गोष्ट सांगितली. तिची नात, परी, दोन वर्षांची. गाणं म्हणणाऱ्या बाहुलीतला चपटा सेल तिनं मावशीच्या डोळ्यांदेखत गिळला. सून म्हणाली, डॉक्टरकडं नेऊ. मावशी म्हणाली, पैसा गिळला तर काय करतो आपन? केळं देतो, सकाळी पडतो भायेर. तिनं आपली तीन मुलं तशीच वाढवली होती. पोरीला केळं भरवलं, थोपटून निजवलं. सकाळी परीच्या तोंडातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, सेल गळ्याखाली अडकून आतून जाळत गेला. लगेच आणायला हवं होतं.

परी गेली. मुलगा आणि सून अंबाडीला राहायला गेले. पुढे त्यांना दुसरी मुलगी झाली. मावशीला बारशाचं बोलावणं आलं नाही. दरवर्षी हळदीकुंकवाचा पहिला फोन ती सुनेलाच करायची. सून उचलायची, ऐकायची आणि ठेवून द्यायची.

यंदा थंडीत मावशीनं अंथरूण धरलं. औषधं आणून मी तिच्या खोलीत उभा होतो, तेव्हा दार वाजलं. काकांनी उघडलं. सून होती, कडेवर पोरगी. सून खाटेपाशी आली, पोरीला कडेवरून उतरवलं आणि दोन्ही हातांनी मावशीकडे धरलं.

"घ्या."

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि मावशीनं दोन्ही हात गोधडीत ओढून घेतले.

"न्हाय गो. माझ्या हातात नको देऊ."

"आई, घ्या ना."

"तूच धर. मी बघते."

सून तशीच उभी राहिली. मग खाटेच्या काठावर बसली आणि पोरीला आपल्याच मांडीवर घेतलं. पोरीनं पाय पसरले तशी तिची टाच गोधडीला, मावशीच्या कुशीपाशी लागली. मावशी जराही हलली नाही. श्वाससुद्धा तिनं हळूच घेतला, पाय सरकू नये म्हणून.